वरच्यासकट

उस्ताद,

मी तुमच्यावर रागावलेलो आहे. तुम्हांला जाऊन आता दोन तपांहून अधिक काळ लोटला, माझे वय तुमच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले, आणि तरीही हा राग निवलेला नाही. गेल्या महिन्यात तुमच्या मुलीची भेट झाली तेव्हापासून तर तो नव्याने पेटला आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, “मास्तर, चिडा, पन आधी हात पुसा.” आज मला हसवू नका. माझी तक्रार गंभीर आहे आणि ती मी नीट, क्रमाने मांडणार आहे. तुम्ही माझे एक वाक्य पुसलेत. विचारल्याशिवाय पुसलेत, आणि त्याच्या जागी स्वतःचे एक खोटे वाक्य बोललात. हे दोन्ही करण्याचा अधिकार तुम्हांला कोणीही दिलेला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचे ते दिवस. मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवत होतो आणि खांदेश्वरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहत होतो. संस्थेत शिकवण्यासाठी जे इंजिन होते ते उभे चिरलेले, निळ्यातांबड्या रंगांनी रंगवलेले आणि लाकडी चौथऱ्यावर बसवलेले होते. त्याने जन्मात कधी पेट्रोल चाखले नव्हते. त्यावर छडी ठेवून मी इंजिन शिकवतो याची लाज वाटू लागली, तेव्हा दर रविवारी स्कूटर काढून तुमच्याकडे येऊ लागलो. जासईच्या अलीकडे, उरण रस्त्याला लागून तुमची पत्र्याची शेड. समोरून बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर जात आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर तुमच्या खिळ्यांवर टांगलेल्या गॅस्केटा एकमेकींवर आपटत. वयाने चाळिशी ओलांडलेला, पदविका मिळवलेला, शुद्धलेखनाच्या परीक्षांना परीक्षक म्हणून जाणारा मी तुमच्यासमोर पालथ्या बादलीवर बसतो आहे, आणि चौथीनंतर शाळा सोडलेले तुम्ही मला व्हॉल्व्ह घासायला शिकवत आहात. मला तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणालात. मला ते आवडले. एवढे आवडायला नको होते.

माझ्या स्वभावाची कल्पना तुम्हांला लवकरच आली. उरणचा एक टेम्पोवाला आला आणि म्हणाला, “उस्ताद, माझी इंजिन लय गरम होते.” मला राहवले नाही. “माझे इंजिन,” मी म्हणालो. “इंजिन हा शब्द नपुंसकलिंगी आहे.” त्याचा चेहरा पडला. “म्हनजे आता कामातून गेली काय, साहेब?” त्याने विचारले. तुम्ही हातातला पाना खाली ठेवून, फळीला धरून हसलात. मात्र तो गेल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलेत, आणि तुमच्या आवाजात हसू नव्हते. “मास्तर, गिऱ्हाईक गाडी घेऊन येतो, परीक्षेला नाय बसत. तुमी त्याची चूक काढलीत. आता तो गाडीत काय बिघडलं ते मला धड सांगनार नाय. लाजंल.” ती ताकीद मी मानली. पण फक्त गिऱ्हाइकांपुरती मानली. तुमच्यापुरती मानली नाही.

तुमची मोजण्याची रीत मला तोंडपाठ झाली होती. पिस्टनच्या खोक्यावर कंपनीने काय छापले आहे ते तुम्ही वाचतसुद्धा नसा. “खोकं परदेशी, पेट्रोल आपलं,” असे म्हणून खोके बाजूला सारत असा. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उलटे ठेवायचे, प्लग घट्ट बसवायचा, व्हॉल्व्हच्या कडांना ग्रीस लावायचे, वर भोक पाडलेली काच ठेवायची आणि इंजेक्शनच्या मोठ्या नळीने रॉकेल सोडत जायचे. काचेखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की किती रॉकेल मावले ते मी वहीत मांडायचे. त्यात हेडखाली बसणाऱ्या गॅस्केटच्या जाडीची जागा, पिस्टन पूर्ण वर आल्यावर राहणारी फट आणि पिस्टनच्या डोक्याला वाटी असेल तर तिची जागा मिळवायची. हे सगळे मिळून ‘वरचा माल’. पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा झाडून काढतो तो ‘खालचा माल’. आणि मग तुमचा नियम, जो तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणत असा: “खालचा माल वरच्यासकट, भागिले वरचा माल.” जो आकडा येईल तितक्या पटींनी इंजिन आपला घास चेपते. आकडा मोठा तर ताकद मोठी. फार मोठा तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल आपल्या मर्जीने भडकते आणि पिस्टनचा जीव जातो. “हिला टर्बो-बिर्बो नाय,” तुम्ही म्हणायचा. “जेवढा दम आपसूक घेईल तेवढाच घेनार. तो किती दाबायचा, एवढंच आपल्या हातात.”

हा नियम मला शिरोधार्य होता, पण त्याची भाषा मला सोसत नव्हती. माल म्हणजे काय? तो काय किराणा आहे? एके रविवारी मी घरून पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन आलो आणि तुमच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर, दोन ओळींत, मात्रा आणि वेलांट्या सांभाळून लिहिले: ‘पिस्टनने व्यापलेले आकारमान हे ज्वलनकक्षाच्या आकारमानाच्या जितके पट असेल, तितके त्या इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर होय.’ लिहिताना ‘वरच्यासकट’ या शब्दापाशी मी थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवते. हा शब्द मला बोलण्यातला भरणा वाटला. लोक ‘परत पुन्हा’ म्हणतात, ‘पिवळे पीतांबर’ म्हणतात, तशी ही द्विरुक्ती आहे, असे मी ठरवले आणि तो गाळला. वाक्य सुटसुटीत झाले. तुम्ही लांबून फळ्याकडे पाहिलेत, त्यातला एकही शब्द वाचल्याशिवाय मान डोलावलीत आणि म्हणालात, “झकास दिसतंय. आता माझं बोलनं बी पुस्तकात गेलं.” त्या वेळी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. मला त्याची कल्पना नव्हती. तुम्हांला होती, आणि तरीही तुम्ही मला वाक्य वाचून दाखवायला सांगितले नाही. हा माझा पहिला आक्षेप आहे. दुसऱ्याने मोजलेले रॉकेल तुम्ही स्वतः पुन्हा मोजत होतात. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट स्वतः पुन्हा आवळून पाहत होतात. माझे वाक्य तेवढे तपासण्याच्या लायकीचे नव्हते काय?

वाशीचे दंतवैद्य त्यानंतर दोन महिन्यांनी आले. त्यांची जुनी गाडी होती आणि हौस मोठी होती. “उस्ताद, खंडाळ्याचा घाट मला टॉप गिअरमध्ये चढायचाय. कोणीतरी म्हणालं, कॉम्प्रेशन वाढवा. वाढवा मग!” तुम्ही त्यांना बसवलेत, चहा पाजलात आणि तासभर विचारत राहिलात: गाडी रोज चालते की रविवारी, सोबत माणसे किती, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता. शेवटी म्हणालात, “डॉक्टर, आठाच्या जरा वर कंपनीनं ठेवलंय. मी नऊ देतो. नऊच्या वर नाय. आपल्या पेट्रोलवर नऊच्या वर गेलो तर इंजिन दात वाजवनार, आन् दात वाजले का तुमच्याकडंच यावं लागंल.” डॉक्टर खूष होऊन गेले. जाताना म्हणाले, “तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळे सांगतात.” खरेच सांगत होते. पनवेलपासून उरणपर्यंत तुमची ओळख तीच होती. तुमच्याकडे मोठे दुकान नव्हते, लेथ नव्हता, पाटीसुद्धा नव्हती. आकडा होता.

दोन प्रकारचे पिस्टन मागवले. एकाच्या डोक्याला उथळ वाटी होती, दुसऱ्याचे डोके सपाट. ते आले त्याच आठवड्यात तुमच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तुम्ही हिरवी पट्टी बांधून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला आहात, डाव्या डोळ्याला आधीच धूसर दिसते आहे, आणि आत मी एकटा काच, रॉकेल आणि वही घेऊन बसलो आहे. एका सिलिंडरचा खालचा माल दोनशे बहात्तर. वाटीचा पिस्टन घेतला तर वरचा माल चौतीस, सपाट घेतला तर तीस. मी मान वर करून फळ्यावरच्या माझ्या सुबक अक्षरांकडे पाहिले आणि भागाकार केला. वाटीच्या पिस्टनने आठ येतात. सपाट पिस्टनने नऊ येतात.

“मास्तर, नऊ कुठला देतो?”

“सपाट.”

“नक्की? मला वाटलं होतं, वाटीचा देईल.”

“नऊ पूर्णांक सात शतांश, उस्ताद. फळ्यावरच्या नियमाने काढले आहेत.”

“मग काय बोलायचं. बसवा.”

तुमचा अंदाज बरोबर होता. दोनशे बहात्तरमध्ये चौतीस मिळवले की तीनशे सहा होतात, आणि तीनशे सहाला चौतीसने भागले की बरोबर नऊ येतात, शिल्लक काही उरत नाही. मी निवडलेल्या सपाट पिस्टनने दहा होत होते, वर थोडे अधिकच. एक शब्द गाळला, म्हणून एक पूर्ण आकडा गळला. इंजिन बांधून झाल्यावर तुम्ही उठून, चाचपडत, पान्याने ते हाताने फिरवून पाहिलेत आणि थबकलात. “जड लागतंय, मास्तर. हाताला बरं वाटत नाय.” मी म्हणालो, “नव्या रिंगा आहेत. जड लागणारच.” चाळीस वर्षे इंजिने फिरवलेल्या हाताला मी हे सांगितले, आणि तुम्ही ऐकलेत! का ऐकलेत? एखादा टेम्पोवाला असे बोलला असता तर तुम्ही हेड उतरवले असते. माझ्या बोलण्यात क्रियापद जागच्या जागी होते, एवढ्याने तुमचा हात खोटा ठरला काय?

घाटात काय झाले ते डॉक्टरांनी आधी फोनवर सांगितले आणि मग गाडी ओढून आणली. पहिल्या चढावर बारीक टिणटिण सुरू झाली, जणू कोणी आतून डब्यावर खडे मारते आहे. त्यांना ती ताकदीची खूण वाटली, म्हणून त्यांनी आणखी रेटले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड रिंगेसकट तुटली होती. हेड उतरवले तेव्हा डॉक्टर रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेले होते. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली होती, नवा चष्मा आला होता. तुम्ही तुटकी कड बोटाने चाचपलीत, माझी वही मागितलीत, आकडे पाहिलेत. मग उठून फळ्यापाशी गेलात. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत, तुम्ही माझे वाक्य प्रथमच वाचलेत. ‘जितके पट असेल’ यावर बोट थांबले. मी तुमच्या पाठीमागे उभा होतो आणि मलाही त्याच क्षणी दिसले. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलेत. शिवी घालाल, असे मला वाटले. घालायला हवी होती. तुम्ही रॉकेलचा बोळा उचललात आणि चार हातांत फळा कोरा केलात. रंग पुरता निघाला नाही, म्हणून जाड ग्रीसचा हात फिरवलात. मी म्हणालो, “उस्ताद, थांबा.” तुम्ही म्हणालात, “तुमी सरकारी नोकरीत हाय. गप ऱ्हावा.”

डॉक्टर आले. शेडमध्ये आणखी तीन-चार माणसे होती, शेजारच्या टायरवाल्यासकट. डॉक्टरांनी पिस्टन हातात घेतला आणि म्हणाले, “उस्ताद, हा आकडा काढलात की मटक्यावर लावलात?” लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. “आकडा माझा,” तुम्ही म्हणालात. “डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक मिळवायचा ऱ्हायला. मी दुसरं बांधून देतो.” “बांधून द्याच,” डॉक्टर म्हणाले, “पण उस्ताद, आता पुरे करा. वय झालं.” मी तिथे उभा होतो. माझी वही माझ्या काखेत होती. ‘वाक्य माझे आहे’ एवढेच म्हणायचे होते: तीन शब्द, कर्ता आणि क्रियापद यांसह पूर्ण. मी वही काखेत आणखी आत सरकवली.

तुम्ही वाटीचे पिस्टन घालून इंजिन पुन्हा बांधून दिलेत. ते नऊवर उत्तम चालले. पण डॉक्टरांनी ती गोष्ट जिथे जाईल तिथे सांगितली, मटक्याच्या विनोदासकट सांगितली, आणि रस्त्याने ती उचलली. त्यानंतर पूर्ण इंजिन बांधायला तुमच्याकडे कोणी आणले नाही. कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग बदलणे, व्हॉल्व्ह घासणे एवढीच कामे येत राहिली. मी रविवारी येत होतो. त्या दिवसाविषयी तुम्ही एक शब्द बोलत नव्हता, आणि तुम्ही बोलत नाही म्हणून मीही बोलत नव्हतो. एकदा तुम्ही ती भोक पाडलेली काच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. “तुमच्या पोरांना दाखवा. मला आता कशाला लागनार?” मी ती घेतली, आभारसुद्धा मानले. घेताना तुमच्या तोंडाकडे पाहिले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. जासईच्या कब्रस्तानाबाहेर मी उभा असताना दोन मेकॅनिक बोलत होते. “हात काय होता उस्तादाचा!” एक म्हणाला. दुसरा म्हणाला, “हाताचं जाऊ दे, शेवटी आकड्यात गेला.” माझ्यापासून ते दोन पावलांवर होते.

म्हणून मी तुमच्यावर रागावलो आहे. तुम्ही मला वाचवलेत असे तुम्हांला वाटले असेल. कशापासून वाचवलेत? एका दुरुस्तीपासून. आयुष्यभर मी इतरांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि माझी एकमेव मोठी चूक दुरुस्त करण्याची वेळ आली तेव्हा तुम्ही फळाच पुसून टाकलात. पुसायचे नव्हते, उस्ताद. ओळीच्या वर एक खूण करून ‘वरच्यासकट’ एवढा शब्द घालायचा होता, सर्वांदेखत, माझ्या हातून. टेम्पोवाल्याला लाज वाटू नये म्हणून तुम्ही मला दटावलेत. पण मला लाज वाटू देण्याइतका तरी माझा मान ठेवायचा होता. संस्थेच्या टिपणांत पुढे मी तुमचा नियम तुमच्याच शब्दांत छापला, ‘माल’ही तसाच ठेवला. विद्यार्थी त्याला ‘मास्तरांचा नियम’ म्हणत. मी त्यांना कधी अडवले नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. खारघरच्या एका दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेलो होतो. ती सासूबाईंना घेऊन आली होती. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. तिने मला ओळखले, स्वतःची खुर्ची दिली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, “मास्तर, खूप वर्षं विचारायचं होतं. त्या डॉक्टरच्या गाडीत अब्बांचं नक्की काय चुकलं हो? घरात कधी बोललेच नाहीत. अम्मी सांगायची, डोळ्यामुळं झालं. पण अब्बा तर डोळे मिटून आकडा काढायचे.”

ती माझ्याकडे पाहत होती, अगदी सरळ, तुम्ही पाहायचा तसे. मी म्हणालो, “एक मिळवायचा राहून गेला.”

उस्ताद, या वाक्यात कर्ता नाही. कोणाकडून राहून गेला ते त्यात कुठेही नाही. शाळकरी पोरालाही जे विचारायला शिकवतात ते तिने विचारले नाही, तिने मान हलवली आणि म्हणाली, “एकच ना? एकासाठी माणूस एवढा खचतो?” मग तिच्या सासूबाईंचे नाव पुकारले गेले आणि ती उठली. मी घरी आलो आणि हे पत्र सुरू केले. सुरू केले तेव्हा ते तिला द्यायचे, असाच विचार होता; जासईचा तिचा पत्ता मी पाकिटावर लिहिलाही होता. ते पाकीट मी आज दुपारी फाडले. ती भेटली तेव्हा आजूबाजूला गर्दी होती, तिला घाई होती, तिने पुढे विचारले असते तर मी सांगितले असते, असे या पत्राच्या शेवटी लिहिण्याचे मी योजले होते. ते लिहीत नाही. तिने कर्ता विचारला असता, तरी मी तुमचेच नाव घेतले असते.